हंगाम बुडाला, पण कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बायकांसमोर खेळावर बोलायचे म्हटल्यावर कित्येकींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सामने हा पुरुषांचा आणि पोरांचा विषय. आपल्या वाट्याला येतो तो त्यांचा चहा, असाच आपला आजवरचा अनुभव. मी तर सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुस्तकी बोलणे मला जमायचे नाही. पण ज्या घरात मी वीस-बावीस वर्षे संसार केला, त्या घरात तीन माणसे सामन्यांची वेडी आहेत, आणि खरे सांगायचे तर आता चौथी मी. म्हणून करोनाच्या साथीत खेळ बंद पडले तेव्हा या वेड्या माणसांचे काय झाले, आणि त्यातून आपण बायकांनी काय ध्यानात घ्यावे, एवढेच सांगण्यासाठी उभी आहे.

आपल्या भागात हे वेड काही उगाच नाही. नागपूरला जाताना वर्धा रस्त्यावर जामठ्याचे मोठे मैदान लागते, ते आपण सर्वजणींनी एसटीच्या खिडकीतून पाहिले आहे. २०१८ च्या पहिल्याच दिवशी इंदूरला आपल्या विदर्भाने दिल्लीला हरवून रणजी करंडक जिंकला. पुढल्या वर्षी याच जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला हरवून पुन्हा जिंकला. तोवर विदर्भाचे नाव कोणी घेत नव्हते. त्या दोन वर्षांत आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही फैज फजल आणि रजनीश गुरबानी ही नावे पाठ झाली होती.

मग आला मार्च २०२०. बारा तारखेला धरमशाला येथे भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा सामना पावसाने गेला. पुढचे लखनौ आणि कलकत्त्याचे दोन सामने साथीमुळे रद्द झाले. त्याच सुमारास राजकोटला रणजीचा अंतिम सामना चालू होता. त्याचा शेवटचा दिवस प्रेक्षकांना दाराबाहेर ठेवून खेळवला गेला. २९ मार्चला आयपीएल सुरू व्हायची होती, ती पुढे ढकलली. २५ मार्चपासून तर सारा देशच बंद झाला.

पहिले काही दिवस आमच्याकडची मंडळी म्हणत, "पंधरा दिवसांत सुरू होईल." मग महिन्यावर आली, मग गप्प झाली. मे महिन्यापर्यंत आपल्या जिल्ह्यात एकही रोगी नव्हता, त्यामुळे पोट्ट्यांचा हट्ट फार. "आपल्याकडे कुठे आहे रोग? मग मैदान का बंद?" असे दिवसातून दहा वेळा विचारत. संध्याकाळी सहाची वेळ झाली की जीव कासावीस होई. दूरदर्शनवर जुने सामने पुन्हा दाखवू लागले. त्यांचा निकाल घरात सर्वांना ठाऊक; तरी कोण बाद होणार ते आधी सांगायचे आणि बाद झाला की ओरडायचे! मला हसू येई. पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. या माणसांना नुसता सामना हवा नव्हता. ओसरीवर शेजारची पाच-सात माणसे जमायची, एकमेकांना टाळी द्यायची, हरल्यावर मिळून चरफडायचे, ते सारे तुटले होते. आपल्याला भजन बंद पडल्यावर जसे सुने वाटले, तसेच त्यांना वाटत होते. भजनाच्या चोपड्या आपल्या घरात होत्याच, पण एकटीने म्हणून का ते भजन होते?

कोणी म्हणेल, माणसे मरत होती आणि तुम्हाला खेळाची काय पडली? बरोबर आहे. खेळ थांबवला हे योग्यच झाले, त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. हा रोग श्वासावाटे पसरणारा. हजारो माणसे खांद्याला खांदा लावून बसली आणि तोंड उघडून ओरडली, की रोगाला दुसरे काय हवे? ८ मार्च २०२०, म्हणजे महिला दिनीच, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आपल्या मुलींचा विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता. ८६,१७४ माणसे बघायला आली होती. बायकांच्या क्रिकेटला एवढी गर्दी ऑस्ट्रेलियात तोवर कधी झाली नव्हती. आपल्या मुली हरल्या; पण चारच दिवसांत बातमी आली की त्या गर्दीतल्या एका प्रेक्षकाला करोना निघाला. तेव्हा मैदाने बंद करणे भागच होते.

पुढे सप्टेंबरच्या १९ तारखेला आयपीएल सुरू झाली, पण आपल्या देशात नाही. अरबस्तानात दुबई, अबुधाबी आणि शारजा येथे. मैदाने रिकामी आणि दूरदर्शन संचावर मात्र प्रेक्षकांचा गलका! तो आवाज आधी भरून ठेवलेला होता. आमच्याकडे पहिल्या दिवशी त्यावर खूप टीका झाली, आणि तिसऱ्या दिवसापासून सर्वजण त्यातच आपला आवाज मिसळू लागले. माणसाचे मन असेच असते. पुढल्या वर्षी मार्चमध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे इंग्लंडविरुद्ध सामने झाले, तेही प्रेक्षकांविना. तेव्हा अंगाला तिरंगा रंगवून देशभर सामन्यांना जाणारे बिहारचे सुधीर कुमार मैदानालगतच्या टेकडीवर चढले आणि तिथून झेंडा हालवीत राहिले. हे वाचून आमच्या घरी सर्वांना भरून आले.

पण खरी कसोटी एप्रिल २०२१ मध्ये लागली. दुसरी लाट आली होती. सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत खाटेसाठी माणसे धावत होती, आणि इकडे मुंबईत आयपीएलचे सामने चालू होते. आळीत एका घरी माणूस गेलेले. सामना लावावा की नाही? आमच्या घरात यावर दोन तट पडले. थोरला म्हणाला, घडीभर मन रमते, लावू द्या. धाकटा म्हणाला, लाज वाटते. शेवटी आवाज अगदी बंद करून लावला आणि दहा मिनिटांत आपणच बंद केला. ४ मेला ती स्पर्धाही मध्येच थांबली; साठांपैकी एकोणतीसच सामने झाले होते. त्या दिवशी घरात कोणी हळहळले नाही. उलट सुटल्यासारखे वाटले.

इथवर सांगितले ते सामने पाहणाऱ्यांचे. आता खेळणाऱ्यांकडे वळते, कारण मला जे सांगायचे आहे ते पुढेच आहे.

"आमचा हंगाम बुडाला" असे म्हणत जी माणसे हळहळत होती, त्यांचा हंगाम खरोखर बुडाला का? आयपीएल त्याच वर्षी झाली. थांबलेली पुढल्या वर्षीची स्पर्धाही सप्टेंबर-ऑक्टोबरात अरबस्तानात पुरी झाली. पुरुषांचा संघ २०२० च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात गेला आणि अजिंक्य रहाणेच्या हाताखाली जानेवारीत मालिका जिंकून आला. जपानचे ऑलिंपिक एक वर्ष उशिरा का होईना, २०२१ मध्ये झाले आणि नीरज चोप्राने भाल्यात सुवर्णपदक आणले. हे सारे कशाने जमले? पैशाने. खेळाडूंना हॉटेलात कोंडून ठेवायचे, वरचेवर तपासणी करायची, खास विमाने करायची. ज्याच्याजवळ पैसा होता त्याचा खेळ परत आला.

ज्याच्याजवळ नव्हता त्याचे काय झाले ते पाहा. रणजी करंडक १९३४-३५ पासून दरवर्षी होत आला, महायुद्धातही चुकला नाही. तो २०२०-२१ साली झालाच नाही. तरी त्या खेळाडूंना मंडळाने पुढे भरपाई म्हणून मानधनाची निम्मी रक्कम देऊ केली, हे चांगले केले. मेलबर्नला ज्या मुली खेळल्या, त्यांच्या भारतीय संघाला पुढचा आंतरराष्ट्रीय सामना मिळाला तो ७ मार्च २०२१ ला. वर्षाला एकच दिवस कमी! त्यांचा २०२१ चा विश्वचषक एक वर्ष पुढे गेला.

फुटबॉलची गोष्ट तर याहून वाईट. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या देशात व्हायचा होता, नवी मुंबईतही सामने होते. तो आधी पुढे ढकलला, मग रद्द केला आणि भारताला २०२२ ची स्पर्धा दिली. कागदावर हिशेब बरोबर झाला. पण २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या ज्या मुलींनी त्यासाठी घाम गाळला, त्या २०२२ मध्ये वयाबाहेर गेल्या होत्या. देशाला स्पर्धा परत मिळाली, त्या मुलींना मिळाली नाही.

आणि आपली कबड्डी! तिच्यात तर धरल्याशिवाय खेळ नाही आणि दम घेऊन बोलल्याशिवाय चढाई नाही. अंतर ठेवून ती खेळताच येत नाही. दूरदर्शनवर दिसणारी मोठी कबड्डीची स्पर्धाही २०२० साली झाली नाही. ती डिसेंबर २०२१ मध्ये बंगलोरला, प्रेक्षकांविना झाली. मग खेड्यातल्या मातीवरच्या कबड्डीला कोण विचारतो? शाळांच्या स्पर्धा बंद. त्यांत चौदा, सतरा आणि एकोणीस असे वयाचे गट असतात. वर्ष गेले की मुलगी गटाबाहेर जाते.

आमच्या आळीत एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. २०२० साली सोळा वर्षांची, शाळेच्या संघात पहिली चढाई तिची. तालुक्याला जिंकून जिल्ह्याला खेळलेली. पुढल्या वर्षी विभागाला जायचे असे तिने मनाशी धरले होते. शाळा बंद झाली, मैदान बंद झाले. भाऊ मोबाईलवर शिकला, ही भाकरी थापायला लागली. मैदान उघडले तोवर सतरा उलटून गेले होते. घरात बसलेली पोर डोळ्यांत येते, स्थळ चांगले आले, लग्न झाले. सासर चांगले आहे, तिची काही तक्रार नाही. पण गेल्या दिवाळीत माहेरी आली होती, तेव्हा अंगणात पोरी खेळत होत्या, ही ओट्यावरून म्हणाली, "पाय आधी टाकू नको, तिचा तोल बघ." मी तिच्याकडे पाहिले. ती आत निघून गेली.

भगिनींनो, आपण वर्ध्याच्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायका. दुकानातला माल दोन महिने उशिरा आला तर चालते. पण वाफसा निघून गेला की पराटी पुढल्या सालीच लावायची असते. दूरदर्शनवरचा हंगाम दुकानातल्या मालासारखा आहे, तो येतोच. पोरींचा हंगाम वाफशासारखा आहे. तो बुडाला तेव्हा ओसरीवर चर्चा झाली नाही, कारण जो खेळ कोणी पाहतच नाही तो थांबला हे कळणार कोणाला? मला वाटते, दर्शकाचे खरे काम इथेच आहे. ज्याला पाहायला माणसे आहेत त्याला पैसा मिळतो, आणि ज्याला पैसा आहे तो खेळ साथीतूनही परत येतो.

२ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री आपल्यापैकी कित्येकी जाग्या होत्या. त्या संघातल्या सांगलीच्या स्मृती मानधना आणि मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज मेलबर्नच्या त्या सामन्यातही होत्या. मधल्या बंद वर्षात त्यांची बॅट कोणी माळ्यावर टाकली नाही, म्हणून त्या पुढे खेळू शकल्या. आपल्या पोरींचे बूट आणि बॅट माळ्यावर जातात ते आपल्याच हाताने.

म्हणून मंडळाला माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, यंदा तालुक्याच्या शालेय स्पर्धा होतील तेव्हा मुलींच्या कबड्डीच्या सामन्याला आपण निदान दहा जणींनी जावे. हळदीकुंकवाला जातो तसे, ठरवून. दुसरी, मंडळाच्या मागचे अंगण संध्याकाळी पाच ते सहा मुलींना खेळायला द्यावे, आणि पाळीपाळीने आपल्यातली एक जण तिथे बसावी, म्हणजे आयांना काळजी नको. निवडणे-टिपणे तिथेही करता येईल. तिसरी, ज्या मुलीचे वर्ष आजारपणात, परीक्षेत किंवा आणखी कशात गेले असेल तिला "आता झाले तुझे" असे म्हणू नये. महाविद्यालयात गेली तर विद्यापीठाच्या स्पर्धा असतात, आणि खुल्या गटाला वयाचे वरचे बंधन नाही. लग्न झालेली मुलगीही त्यात खेळू शकते. आमच्या आळीतल्या त्या मुलीला मी हे सांगितले आहे. पुढचे तिच्या घरच्यांनी ठरवायचे आहे, आणि त्यांच्याशी बोलायला माझ्याबरोबर दोघी-तिघींनी यावे अशी माझी इच्छा आहे. कोण येते ते आजच, चहाच्या वेळी, मला सांगावे.