ओट्याखालची बाटली



चारचौघींत बोलायला उभी राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंत. चिटणीसबाई म्हणाल्या, "स्वयंपाकघरातले काहीतरी सांगा." लाडू-चिवड्याचे सांगणाऱ्या इथे पुष्कळ आहेत. मी माझ्या हातून झालेली चूक सांगते.

पंधरा वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. मोरी तुंबली, म्हणून कॉस्टिक सोडा आणून पाण्यात कालवला. काम झाले. उरलेले टाकवेना, म्हणून सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवले. मोठी काटकसर! माझा भाचा तेव्हा पाच वर्षांचा. खेळून तहानलेला आला आणि ती बाटली तोंडाला लावली. एकच घोट. दिसायला ते आपल्या पिण्याच्या पाण्यासारखेच.

त्याची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. ओठ सुजले, लाळ गळू लागली, थुंकीही गिळवेना. आणि मी काय करावे? मिठाचे पाणी पाजून ओकारी काढली! शेजारणी लिंबू घेऊन धावल्या, पण तेवढ्यात रिक्षा आली.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, जे जाताना एकदा भाजले, ते ओकताना पुन्हा भाजले." लिंबू देणेही चूकच, कारण सोड्याशी आंबट मिळाले की आणखी उष्णता निघते. अशा वेळी तोंड पाण्याने धुवावे, अंगावर सांडले असेल तर कपडे काढून तेथेही पाणी ओतावे, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दूधसुद्धा न पाजता तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. बाटली बरोबर न्यावी, म्हणजे काय प्यायले ते त्यांना कळते.

संडास धुण्याच्या अॅसिडाने आत खपली धरते. सोडा मात्र मांसातल्या चरबीचा साबण करीत खोल उतरतो. तोंडात फोड दिसला नाही, तरी आत अन्ननलिका भाजलेली असू शकते. म्हणून दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून पाहिले. नाकातून नळी घालून तिच्यातून दूध, पेज देऊ लागले.

दहा दिवसांनी घरी आणले. सुटलो, असे वाटले. तिसऱ्या आठवड्यात भात अडकू लागला, मग पेजही. भाजलेला हात बरा होताना कातडी कशी ओढते, तशी ती नळी आतून आक्रसली होती. दर पंधरवड्याला भूल देऊन ती रुंद करायची, असे दीड वर्ष चालले. वहिनी बाकावर त्याला मांडीवर घेऊन बसायची. मी डबा घेऊन जात असे. ती डबा घ्यायची, बोलायची नाही.

तिथेच डॉक्टरांनी एक हकीकत सांगितली. अमेरिकेत पूर्वी घरोघर असलाच सोडा असे आणि मुले तो गिळत. चेव्हॅलियर जॅक्सन नावाच्या घशाच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा १९२७ साली कायदा होऊन डब्यावर 'विष' असे छापणे भाग पडले. आपल्याकडे २०१३ साली सुप्रीम कोर्टाने अॅसिडाच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली: दुकानदाराने ओळखपत्र पाहावे, वहीत नोंद करावी, अठरा वर्षांखालील कोणाला देऊ नये. ते अॅसिड फेकण्याच्या गुन्ह्यांमुळे झाले. पण आपल्या ओट्याखाली कोर्ट थोडेच बघायला येणार? तिथे आपणच बघायचे. सरबताच्या बाटलीत सरबतच राहू द्या. असले सामान मूळ डब्यात, कुलपात ठेवा. कामाला येणाऱ्या बाईलाही हे सांगा. खेळण्यातला, घड्याळातला तो बटणासारखा सेलही लपवा. घशाखाली अडकला तर दोन तासांतसुद्धा तो तसेच भाजतो.

भाचा आता कॉलेजात जातो. भाकरी खातो, पण फार चावून, घोटघोट पाणी घेत. पंक्तीत सगळे उठले तरी त्याचे पान अर्धे असते. पुढेही आयुष्यभर अधूनमधून तपासून घ्यायला सांगितले आहे.

वहिनी आता माझ्याशी बोलते. पण अजूनही माझ्याकडे आली की आधी वाकून ओट्याखाली बघते, मग बसते. मी काही म्हणत नाही. तिचे बघून होईपर्यंत चहाचे आधण ठेवते.