इंजिनाची धाव

जुन्या मोटारींचा विषय निघाला की बारामती-इंदापूर भागात दोन वाक्ये हमखास कानी पडतात. "जीपला ओढ आहे, पण ती पळत नाही," हे एक. "फियाट पळते, पण तिच्यात दम नाही," हे दुसरे. दोन्ही वाक्ये अनुभवाची आहेत, आणि दोन्ही अर्धीच खरी आहेत. उरलेले अर्धे ठाऊक नसले म्हणजे माणूस चांगल्या गाडीला नावे ठेवतो, तिचे इंजिन काढून भलतेच बसवतो, नाही तर तिच्या स्वभावाविरुद्ध हाकून तिला मोडीत घालवतो. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली गाडी ज्यांच्या दारात अजून उभी आहे, त्यांना हा तोटा परवडणारा नाही. म्हणून इंजिनाच्या या स्वभावाविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम विहिरीवरची मोट आठवा. आता मोटा राहिल्या नाहीत, पण त्या पाहिलेली जुनी माणसे गावोगाव आहेत. बैल धावेवरून उतरत गेले की मोट वर येई. धावेच्या टोकाला बैल थांबत, मागे सरत, आणि पुन्हा उतरू लागत. धाव लांब असली की एका खेपेला वेळ अधिक. धाव आखूड असली की खेपा भराभर. पण दिवसाकाठी पाणी किती निघाले, ते नुसत्या धावेवर ठरत नसे. मोट केवढी आणि खेपा किती, या दोहोंच्या गुणाकारावर ते ठरे.

मोटारीच्या इंजिनात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, सिलिंडरमध्ये असाच जा-ये करीत असतो. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतराला मेस्त्री स्ट्रोक म्हणतात. आपण त्याला धावच म्हणू. सिलिंडरच्या पोकळीची रुंदी म्हणजे बोअर. बोअर, धाव आणि सिलिंडरांची संख्या यांवरून इंजिनाचे आकारमान निघते. त्यालाच आपण 'इतक्या सीसीचे इंजिन' म्हणतो.

आता आपल्या रस्त्यांवरच्या तीन ओळखीच्या गाड्या घ्या. महिंद्रांची जुनी पेट्रोल जीप २,१९९ सीसीची. तिची धाव १११ मिलिमीटर आणि बोअर ७९. अँबेसेडर १,४८९ सीसीची. धाव ८९, बोअर ७३. फियाट अकराशे, जिला पुढे पद्मिनी म्हणू लागले, ती १,०८९ सीसीची; धाव ७५, बोअर ६८. तिन्ही इंजिने चार सिलिंडरांची, आणि तिन्हींत धाव बोअरपेक्षा लांब.

तिन्ही इंजिने मिनिटाला ४,००० फेरे घेत आहेत असे धरा. एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली जातो आणि एकदा वर येतो. म्हणजे फियाटच्या पिस्टनने मिनिटात ६०० मीटर वाट तुडवली, अँबेसेडरच्या पिस्टनने ७११ मीटर, आणि जीपच्या पिस्टनने तब्बल ८८९ मीटर. आणि ही वाट सरळ नव्हे बरे का! दर धावेच्या दोन्ही टोकांना पिस्टनला क्षणभर थांबून उलटे वळावे लागते. त्या वेळी कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगे यांना जो हिसका बसतो, तो फेरे दुप्पट झाले की दुप्पट होत नाही, चौपट होतो. लांब धावेचे जुने इंजिन वरच्या फेऱ्यांत का थरथरते आणि का कुरकुरते, त्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण श्वासाचे. बोअर अरुंद असला की माथ्यावर व्हॉल्व्हसाठी जागा कमी मिळते. व्हॉल्व्ह लहान, तर हवा आणि पेट्रोल आत येण्याची वाटही लहान. सावकाश चालताना माणूस नाकाने श्वास घेतो तोवर ठीक असते. चढावर पळताना त्याला तोंड उघडावे लागते. अरुंद बोअरच्या इंजिनाला ते तोंड उघडता येत नाही. फेरे वाढतात, पण दर फेऱ्याला आत येणारी हवा घटते, आणि गाडी नुसताच आवाज करते.

मग ओढ कुणामुळे येते? लांब धावेमुळे, असे पुष्कळ जण सांगतात. त्यांचे म्हणणे असे की, धाव लांब म्हणजे क्रँकचा हात लांब, आणि हात लांब म्हणजे जोर अधिक. ऐकायला हे पटते. पण सीसी तेवढेच ठेवून धाव वाढवली तर बोअर कमी करावा लागतो. बोअर कमी झाला की पिस्टनचा माथा लहान होतो आणि त्याच्यावर पडणारा दाबही कमी होतो. एका हाताने मिळवले ते दुसऱ्या हाताने गेले. जीपची ओढ येते ती मुख्यतः तिच्या २,१९९ सीसीमुळे. फियाटच्या दुप्पट मोठी मोट आहे ती! शिवाय जीपचे इंजिन मुळातच असे जुळवलेले आहे की त्याची कमाल ओढ २,००० फेऱ्यांच्या आसपासच हाती येते, आणि तिचे गिअरही सावकाश चालीचे आहेत.

ओढ निराळी आणि अश्वशक्ती निराळी, हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठी आणि त्यापलीकडच्या जिराईत पट्ट्यातल्या विहिरींवर ऑइल इंजिने वर्षानुवर्षे चालली. त्यांतले लिस्टर नमुन्याचे सहा अश्वशक्तीचे इंजिन आठवा. दोन मोठाली चाके, आणि मोजता येतील असे संथ ठोके. धाव जवळजवळ १४० मिलिमीटर, आकारमान १,४०० सीसीहून अधिक, आणि फेरे मिनिटाला अवघे ६५०. फियाटचे इंजिन त्याहून लहान, पण ४,८०० फेऱ्यांना सुमारे ४० अश्वशक्ती देणारे. म्हणजे फियाटमध्ये सातपट जोर आहे काय? मुळीच नाही. दर फेऱ्यातली ओढ दोघांची जवळपास सारखीच. फरक आहे तो फेऱ्यांचा: फियाट सातपटीहून अधिक वेळा फिरते. अश्वशक्ती म्हणजे ओढ गुणिले फेरे. मोटेचाच हिशोब हा!

मग जुन्या गाड्यांना लांब धाव दिली तरी का? त्याचे एक कारण इंजिनात नाही, सरकारी कचेरीत आहे. इंग्लंडमध्ये १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड कर होता. पण ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजलेली नव्हे, कागदावर काढलेली. इंचांतल्या बोअरचा वर्ग करायचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि अडीचने भागायचे. या हिशोबात धावेचे नावच नाही! कारखानदार काय करणार? त्यांनी बोअर अरुंद ठेवला, धाव लांबवली, आणि गिऱ्हाइकाचा कर वाचवला. हा कर १९४८ मध्ये गेला, पण इंजिनांची घडण एका दिवसात बदलत नाही. अँबेसेडरचे १,४८९ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातले. १९४७ च्या ऑस्टिन मोटारीतल्या बाराशे सीसीच्या इंजिनाची धाव तशीच ठेवून पुढे नुसता बोअर वाढवला, तेव्हा हे इंजिन झाले. परक्या देशातल्या कराची खूण अशी आपल्या रस्त्यांवर कितीतरी वर्षे धावत होती. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले.

फियाटचे इंजिन इटलीतले, १९३७ सालच्या आराखड्याचे. त्याची धाव तुलनेने आखूड, म्हणून ते मोकळेपणाने फिरते. आणि या गाडीशी तर इंदापूर तालुक्याचे नाते आहे. ज्या वालचंद हिराचंदांच्या साखर कारखान्यामुळे वालचंदनगर वसले, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनली.

येथे एक सावधगिरी सांगतो. लांब धाव म्हणजे मंद इंजिन, असा कायमचा नियम बांधू नका. मारुतीच्या ऑल्टो के-१० या गाडीचे ९९८ सीसीचे इंजिन पाहा. त्याची धाव साडेएकोणऐंशी मिलिमीटर, म्हणजे फियाटपेक्षा लांब. बोअर ७३, म्हणजे धावेपेक्षा कमीच. तरी त्याची पूर्ण शक्ती फियाटपेक्षा वरच्या फेऱ्यांना मिळते. कारण पिस्टन हलके झाले, धातू सुधारले, आणि दर सिलिंडरला दोनाऐवजी चार व्हॉल्व्ह आले. श्वासाची वाट मोकळी झाली. जुन्या इंजिनाला बांधून ठेवते ती एकटी धाव नव्हे; धाव, वजन आणि श्वास हे तिघे मिळून त्याला बांधतात.

आता याचा उपयोग काय, ते पाहू. बारामतीहून भवानीनगर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाणारा रस्ता सपाट आहे. तेथे जीप ताशी ८० किलोमीटरने न्यावी असा मोह होतो. जीप टॉप गिअरमध्ये असतानाही चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन पाच-साडेपाच फेरे घेते. ताशी ८० ला फेरे होतात तीन हजारांच्या वर. ३,२०० फेऱ्यांना जीपचा पिस्टन नेमकी तेवढीच वाट तुडवतो, जेवढी अँबेसेडरचा पिस्टन ४,००० फेऱ्यांना तुडवतो. पन्नास-साठच्या चालीने जीप दिवसभर चालेल. ऐंशीला ती जाईल, पण रोज जाणार नाही.

याच्या उलट पुण्याहून परतताना दिवे घाट चढावयाचा असतो. फियाटवाल्याने तेथे टॉप गिअर धरून बसू नये. तिची मोट लहान आहे. खेपा वाढवल्याशिवाय पाणी निघणार नाही. फेरे उतरू लागताच, इंजिन ठोके देण्यापूर्वीच, गिअर खाली घ्यावा आणि तिला फिरू द्यावे. आवाज वाढला म्हणून भिऊ नये. कमी फेऱ्यांत अॅक्सिलरेटर दाबून ओढायला लावले, तर तेलाचा दाब कमी आणि बेअरिंगांवर भार मोठा, अशा कोंडीत इंजिन सापडते. जीपवाल्यानेही गिअर खाली घ्यावा, पण त्याला थोडी सवड आहे.

इंजिन खोलण्याची वेळ आली की बोअर वाढवून मोठे पिस्टन टाका, म्हणजे गाडी उडेल, असा सल्ला मिळतो. फियाटचा बोअर ६८ चा ६९ केला तर सीसी वाढते अवघी ३२, शेकड्याला तीन. झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल झाला आणि गळणारे कॉम्प्रेशन परत आले, त्याचा फायदा खरा. तेवढ्यासाठीच बोअर करावा, वेगाच्या आशेने नव्हे.

शेवटची गोष्ट इंजिन बदलण्याची. पेट्रोल परवडत नाही म्हणून कितीतरी जुन्या जीपांत डिझेल इंजिने बसवली गेली. डिझेल इंजिनाचे वरचे फेरे बहुधा कमी असतात. ते बसवून डिफरन्शिअल तोच ठेवला तर गाडी ओढते, पण पन्नासाच्या पुढे ओरडू लागते. मग मालक इंजिनाला दोष देतो. इंजिन, गिअर आणि डिफरन्शिअल यांची जोडी बैलांच्या जोडीसारखी पाहूनच जमवावी लागते. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, हेही ध्यानात असू द्या.

तुमच्या गाडीची धाव आणि बोअर तिच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. पुस्तिका हरवली असेल तर जाणत्या मेस्त्रीला विचारा. धावेची दुप्पट करा, फेऱ्यांनी गुणा, आणि पिस्टन मिनिटाला किती मीटर पळतो ते काढून पाहा. शाळेतले मूलही हा गुणाकार करील. तो एकदा केलात की आपल्या गाडीला कोणत्या चालीने न्यावे, ते दुसऱ्या कुणी सांगण्याची गरज उरणार नाही.