एका व्यायामपटु कन्येची माघार
(सुवर्णमहोत्सवी क्रीडास्पर्धांच्या बक्षीस-समारंभांत केलेलें भाषण)



बक्षीस-समारंभाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें चार शब्द बोलावे, आणि ते चार शब्द जय, जिद्द व चिकाटी यांविषयींच असावे, असा आपल्याकडे शिरस्ता पडून गेला आहे. आज तो शिरस्ता मी थोडा मोडणार आहे. गेल्या रविवारीं आपल्या देवळाच्या पटांगणांत मुलींची शर्यत चालू असतां एक मुलगी अर्ध्या वाटेवर घोटा धरून थांबली. तेव्हां मंडपांतून कोणीतरी मोठ्यानें म्हणालें, "ऊठ, रडूबाई! लाज आणलीस!" कांहीं मंडळी हंसली. मी पुढच्याच खुर्चीवर बसलों होतों, आणि मी कांहींच बोललों नाहीं. जें त्या दिवशीं बोलावयास हवें होतें तें आज बोलतों, आणि त्यासाठीं तुम्हांस एका दूरदेशींच्या मुलीची हकीकत सांगतों.

सिमोन बाइल्स हें नांव तुमच्यापैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील कोलंबस शहरीं १४ मार्च १९९७ रोजीं ती जन्मली. जन्मदात्री आई व्यसनांत सांपडलेली, मुलांस सांभाळण्यास असमर्थ. म्हणून सिमोन व तिचीं भावंडें कांहीं काळ सरकारी देखरेखीखालीं परक्या घरीं राहिलीं. पुढें टेक्सासमध्यें राहणारे तिचे आजोबा रॉन आणि त्यांच्या पत्नी नेली यांनीं सिमोन व तिची धाकटी बहीण यांस २००३ सालीं कायदेशीर दत्तक घेतलें. तेव्हांपासून तीं दोघेंच तिचे आईबाप. पोटचें नसलेलें मूल आपलें म्हणून वाढविणें म्हणजे काय, हें संत योसेफाच्या प्रतिमेपुढें नित्य गुडघे टेकणाऱ्या तुम्हां मंडळींस मीं निराळें सांगावयास नको. घर कॅथॉलिक. नेलीबाईंनीं दिलेली जपमाळ स्पर्धेच्या वेळीं आपल्या पिशवींत असते, असें सिमोननें २०१६ सालीं सांगितलें होतें. आणि स्पर्धेपूर्वीं संत सेबास्तियनाच्या नांवें मेणबत्ती लावण्याची तिची चाल होती. २० जानेवारीस ज्याचा सण आपण पाळतों तोच हा संत, खेळाडूंचा आश्रयदाता.

तिचा खेळ जिम्नॅस्टिक्स. आपल्याकडील मल्लखांब ज्यांनीं पाहिला आहे त्यांस त्याची थोडीफार कल्पना येईल. स्त्रियांस यांत चार परीक्षा असतात: धांवत येऊन एका टेबलावर हात टेकून घ्यावयाची उडी, एक उंच व एक सखल अशा दोन दांड्यांवरील झोके, बारा मीटर लांबरुंद फरशीवरील कोलांट्या, आणि पांच मीटर लांब, सव्वा मीटर उंच, पण रुंदीला अवघी दहा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहूनही अरुंद, अशी तुळई. तिच्यावर नुसतें चालणें आपणांस जड जाईल. या मुली तिच्यावर उलट्या उड्या मारितात. गुणांचा हिशेबही दुहेरी आहे. करामत किती अवघड याचे गुण निराळे, ती किती निर्दोष वठली याचे दहांपैकीं निराळे, आणि मग दोहोंची बेरीज. करामत जितकी अवघड तितकी बेरीज वाढण्याची आशा मोठी. म्हणून या खेळांत मोह नेहमीं अधिक धोक्याकडे ओढतो. एवढें ध्यानांत ठेवा, म्हणजे पुढील गोष्ट समजेल.

सिमोन सहा वर्षांची असतां पाळणाघराच्या सहलीबरोबर एका व्यायामशाळेंत गेली, आणि तेथेंच तिचें भवितव्य ठरलें. अंगलट ठेंगणी, पूर्ण वाढ झाल्यावरही उंची चार फूट आठ इंच. २०१३ सालच्या उन्हाळ्यांत एका मोठ्या स्पर्धेंत ती इतकी वाईट खेळली, कीं शेवटची उडी न घेतांच तिला बाहेर पडावें लागलें. तिनें मनाच्या वैद्याची मदत घेतली, आणि त्याच वर्षीं अँटवर्प येथें सोळाव्या वर्षीं ती सर्वांगीण जगज्जेती झाली. २०१४ व २०१५ या सालींही तोच मान तिचा. २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें चार सुवर्णपदकें व एक कांस्यपदक तिनें मिळविलें. त्याच रिओंत उडीच्या अंतिम फेरींत तिच्याबरोबर आपल्या आगरताळ्याची दीपा कर्मकार होती. दीपा चौथी आली, आणि कांस्यपदक तिच्या हातून अवघ्या ०.१५० गुणांनीं गेलें. सपाट तळपायांची ती मुलगी तेथवर पोंचली, हीही लहान गोष्ट नव्हे. पण तिची कथा मी दुसऱ्या एखाद्या वेळेसाठीं राखून ठेवितों.

यापुढची हकीकत सांगतांना जड वाटतें. अमेरिकेच्या संघाच्या एका वैद्यानें शेंकडों मुलींवर अत्याचार केला होता. त्या मुलींपैकीं आपण एक आहों, असें सिमोननें जानेवारी २०१८ मध्यें जाहीर केलें. ज्या मोठ्या माणसांनीं मुलींस जपावयाचें, त्यांनीं डोळे मिटून घेतले होते. अशा बाबतींत आपल्या ख्रिस्तसभेलाही मान खालीं घालावी लागली आहे, हें या ठिकाणीं न बोलणें मला अप्रामाणिक वाटतें.

आतां मूळ गोष्ट. साथीमुळें एक वर्ष लांबलेलें टोकियोचें ऑलिंपिक २०२१ सालीं भरलें. प्रेक्षकांस मनाई होती. आईबाप हजारों मैल दूर. २७ जुलै रोजीं सांघिक अंतिम सामना. सिमोन धांवत आली, टेबलावरून उसळली. हवेंत अडीच गिरक्या घ्यावयाच्या होत्या, त्या दीडच झाल्या, आणि ती कशीबशी पायांवर उतरली. हवेंत असतां आपण कोठें आहों, जमीन कोणीकडे आहे, याचें भानच नाहींसें झालें होतें. या खेळांतील मंडळी या व्याधीस 'ट्विस्टीज' म्हणतात. तिनें त्याच घटकेस माघार घेतली. सोबतिणींनीं सामना पुरा करून रौप्यपदक मिळविलें. ही बाजूला उभी राहून त्यांस उत्तेजन देत राहिली. पुढें सर्वांगीण स्पर्धेंतूनही ती निघाली.

जगांत पुष्कळांनीं तिला भित्री म्हटलें. मीही म्हटलें. जेवणाच्या टेबलावर माझे शब्द असे होते: "देशानें पाठविली, आणि ही पळाली!" पुढें मी येलेना मुखिना हिची हकीकत वाचली, तेव्हां ते शब्द मला बोचूं लागले.

मुखिना ही सोव्हिएत रशियाची. १९७८ सालची सर्वांगीण जगज्जेती. १९७९ सालीं तिचा पाय मोडला. तो पुरता सांधला नसतांच तिला सरावास उभें करण्यांत आलें, कारण मॉस्कोचें ऑलिंपिक तोंडावर आलें होतें. एक अतिशय धोक्याची कोलांटी तिला करावयास लावीत. ही आपल्या जिवावर बेतेल, असें ती सांगत असे. कोणी ऐकलें नाहीं. जुलै १९८० मध्यें मिन्स्क येथील सरावांत ती हनुवटीवर आदळली, आणि मानेचा कणा मोडला. ती वीस वर्षांची होती. त्यानंतर सव्वीस वर्षें ती मानेखालीं लुळी होऊन पडून राहिली, आणि २००६ च्या डिसेंबरांत वारली. तिला कोणी भित्री म्हटलें नाहीं. "थांबतें" असें म्हणण्याची मुभाच तिला नव्हती.

संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत शर्यतीचा दृष्टान्त आहे, आणि आम्ही धर्मगुरू अशा समारंभांत तो हटकून सांगतों. परंतु त्याच पत्रांत, त्याच्या आधींच, आपलें शरीर हें पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, असेंही तो बजावतो. तें मात्र आम्हीं शुद्धतेच्या प्रवचनासाठीं बाजूला काढून ठेविलें आहे. क्रीडांगणावर तें कोणास आठवत नाहीं.

आळशानें मात्र या कथेचा आधार घेऊं नये. सिमोन थांबली ती वर्षांनुवर्षें घाम गाळून झाल्यावर, आणि थांबून ती घरीं निजली नाहीं. ३ ऑगस्टला ती त्याच टोकियोंत तुळईवर चढली. शेवटीं उतरतांना गिरकी नसलेली उडी तिनें निवडली, आणि कांस्यपदक घेतलें. मग दोन वर्षें ती स्पर्धांपासून दूर राहिली. २०२३ सालीं, जेथें प्रथम जगज्जेती झाली त्याच अँटवर्पला ती सहाव्यांदां सर्वांगीण जगज्जेती झाली. २०२४ सालीं पॅरिसला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तीन सुवर्णपदकें व एक रौप्यपदक. तेथेंही तुळईवरून ती पडलीच! त्याच दिवशीं फरशीवरील कोलांट्यांत ब्राझीलची रेबेका आंद्रादी हिनें तिला थोडक्यांत हरविलें. तेव्हां पदकांच्या चौथऱ्यावर सिमोननें व तिच्या सोबतिणीनें दोन्ही बाजूंनीं खालीं वांकून त्या विजेतीस मुजरा केला. तें छायाचित्र मी कापून ठेविलें आहे. ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं मिस्सेनंतर यावें.

आईबापांनो, तुमच्याशीं एक शब्द. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मुलें माझ्याकडे येतात. अभ्यासाची भीति त्यांस फारशी नसते, घरीं काय म्हणतील याची असते. नेलीबाई टोकियोला जाऊं शकल्या नाहींत. पण माघार घेतलेल्या मुलीला घरचें दार बंद झालें नाहीं. तुमच्या मुलास "आज माझ्यानें होत नाहीं" हें वाक्य तुमच्यापुढें उच्चारतां येतें काय? आज घरीं गेल्यावर हें त्यालाच विचारून पाहा, आणि तो उत्तर देईल तेव्हां मध्यें बोलूं नका.

रविवारच्या त्या मुलीच्या घरीं मी काल संध्याकाळीं जाऊन आलों. तिची व तिच्या आईची मीं क्षमा मागितली. घोटा सुजला आहे, हाड शाबूत आहे. ती आज मागच्या बांकावर बसली आहे. मागें वळून पाहूं नका, तिला संकोच होईल. आतां बक्षिसांची यादी इकडे द्या.