वसतिगृहात कोणास घ्यावे?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कोपरी येथे केलेले भाषण)



कोपरीत विद्यार्थी-वसतिगृह काढण्याचा आपला संकल्प स्तुत्य आहे. परंतु खोल्या बांधणे सोपे. त्यांत कोणास घ्यावे, हे ठरविणे अवघड. वशिल्याने भरलेले वसतिगृह म्हणजे केवळ स्वस्त भाड्याची चाळ होय.

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले; १९२७ साली महात्मा गांधींनी त्यास छत्रपति शाहूंचे नाव दिले. तेथे नाना जातींची गरीब मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत व आपली कामे स्वहस्ते करीत. पैसा सरला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडले. परंतु मुले उपाशी ठेविली नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी की, गुणांआधी गरज पाहावी. प्रत्येक मुलास एक महिना राहू द्यावे. तो आपले ताट घासतो काय, आजारी सोबत्यापाशी जागतो काय, हे पारखावे आणि मगच प्रवेश कायम करावा.

आणखी एक. काही जागा इतर ज्ञातींच्या मुलांकरिता राखाव्यात. कित्येकांस हे रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु साताऱ्यास जे शतकापूर्वी साधले, ते आज आपणांस जड का वाटावे?