एल निनो आला म्हणजे दुष्काळच?

मोबाइलवर 'एल निनो' दिसलं की आपण थेट दुष्काळच धरून चालतो. थांबा जरा! १९९७ ला प्रशांत महासागर भयंकर तापला, तरी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. कारण तापला तो मुख्यतः पेरूकडचा भाग. शिवाय आपल्या हिंदी महासागरात आफ्रिकेकडचं पाणी गरम, इंडोनेशियाकडचं थंड होतं; हा 'पॉझिटिव्ह डायपोल' आपल्या पावसाला हात देतो.

२००२ चा एल निनो त्यामानाने किरकोळ. पण तापला मध्य प्रशांत, आणि जुलैत देशात जेमतेम निम्मा पाऊस. ऐन पेरणीत!

म्हणून मी आधी विचारतो, तापलाय कुठे? पेरणीसाठी मात्र हवामान खात्याचा दर गुरुवारचा दोन आठवड्यांचा अंदाज बघा. प्रशांत महासागर तुमच्या तालुक्याचं काही सांगत नाही.