खळं सारवलं, मग कॅमेरा निघाला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, नाचाचा फोटो ही मुळातच एक अवघड गोष्ट आहे. नाच थांबला की नाच उरत नाही, आणि काही थांबवल्याशिवाय फोटो निघत नाही. या दोघांचं जमवायचं कसं? मी कवितेचा माणूस. कॅमेरा मी हाती धरलेला नाही. पण गेल्या वर्षी पेण तालुक्यातल्या गडब गावात, उघड्यावर, खाडीकाठच्या शेतात नाचाचे फोटो काढायचे ठरले आणि त्या तयारीत मला ओढलं गेलं. प्रत्यक्ष फोटो निघाले एका संध्याकाळी. तयारी चालली दीड महिना. आज मी बोलणार आहे ते त्या दीड महिन्याबद्दल.

मुंबई-गोवा महामार्गानं वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालं की गडब लागतं. रेल्वेनं आलात तर दिवा-रोहा मार्गावरचं कासू स्टेशन जवळ पडतं. महामार्गाच्या पश्चिमेला खारेपाट पसरलेला आहे. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाचं पाणी उघाडीतून बाहेर सोडायचं, आणि अशा राखलेल्या जमिनीत भात पिकवायचं, ही इथल्या आगरी माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत. 'आगरी' हे नावच आगर म्हणजे मिठागर या शब्दावरून आलं, असं मानतात. त्या खाऱ्या जमिनीवर गाणं मात्र गोड उगवलं. लग्नात धवले गाणारी धवलारीण, हळदीच्या रात्रीचा नाच, भाद्रपदात गौरीपुढे धरलेली फेरी, झिम्मा, फुगडी. लहानपणापासून शेजारधर्मानं मी हे सगळं ऐकत आलो आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकाही गौर बघायला जायच्या आणि येताना पुरणपोळी घेऊन यायच्या.

पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट हळूहळू होत गेली. अंगणातली फेरी ओटीवर गेली, ओटीवरून माजघरात गेली. कारण खिशाखिशात आलेला मोबाइल. बायका नाचायला लागल्या की कुणीतरी फोन वर धरायचं. सकाळी तीच चित्रं नात्यात नसलेल्या, गावात नसलेल्या माणसांच्या हातात. खाली कुणी हसण्याची चिन्हं टाकलेली, कुणी गाणं काढून भलतंच गाणं घातलेलं. ज्यांच्या पोरींची लग्नं जुळायची होती त्या आयांनी पोरींना आत ओढलं. नाच बंद झाला नाही. दार बंद झालं.

अशा वेळी गावातलीच एक मुलगी, मुंबईत फोटोग्राफी शिकून आलेली, म्हणाली, "मला माझ्या आजीचा नाच उजेडात काढायचाय." तिची आजी पंचाहत्तरीच्या पुढची, फेरीत गाणं उचलणारी. मी त्यांना मावशी म्हणतो. मुलगी माझ्याकडे आली ती एका कामासाठी. "चाचा, बायकांची परवानगी घ्यायचीय. कागद तुम्ही लिहा. माझी भाषा अर्जासारखी होते."

मी कागद लिहिला. साध्या मराठीत, एक पान. फोटो कोण काढणार, कुठे दाखवणार, कुठे दाखवणार नाही. संध्याकाळी मावशींच्या ओटीवर तो वाचून दाखवला. चौदा बायका होत्या. त्यांनी ऐकला आणि त्यात आपली कलमं घातली. खळ्यावर एकीचाही फोन चालणार नाही, घरच्या पुरुषांचाही नाही. लग्नाच्या मुलींचा चेहरा त्यांच्या आईला विचारल्याशिवाय छापायचा नाही. प्रत्येकीला आपला फोटो कागदावर मिळाला पाहिजे, फोनवर नाही. आणि शेवटचं कलम असं की, फोटो पाहून एखादी 'नको' म्हणाली तर तो पुसायचा, आणि 'का' असं विचारायचं नाही. हे शेवटचं कलम मी लिहिलेल्या सगळ्या ओळींपेक्षा चांगलं होतं. ते घातलं ती बाई तिसरी शिकलेली.

मग नाच कुठला, हा प्रश्न आला. मुलीच्या मनात गौरीची फेरी होती. मावशींनी सरळ नकार दिला. गौर घरात नसताना तिचं गाणं म्हणायचं नाही. फोटोसाठी तर नाहीच. हळदीची गाणी, शेतातली गाणी, झिम्मा, फुगडी चालेल. मुलगी थोडी हिरमुसली, पण तिनं वाद घातला नाही. नाच कुणाचा, हे ठरलं की बाकीच्या गोष्टी सोप्या होतात.

आता दिवस आणि वेळ. उघड्यावरच्या फोटोत दिवा सूर्याचा असतो आणि त्याचं बटण आपल्या हाती नसतं. भर दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, चेहरा थकलेला दिसतो. ऊन तिरपं झालं की ते चेहऱ्यावर, लुगड्याच्या घडीवर, पायाच्या टाचेवर बसतं. मुलीच्या फोनमध्ये सूर्याची वेळ सांगणारी सोय होती. माझ्याकडे वडिलांनी शिकवलेली काठी होती. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्यात असरच्या नमाजाची वेळ सावलीवरून ठरते. भर दुपारी काठीची जेवढी सावली असते, तिच्यात काठीच्या उंचीइतकी भर पडली की असर सुरू. मी खळ्यात काठी रोवून दाखवली. थंडीच्या तोंडाला आपल्याकडे ही वेळ पावणेचारच्या सुमारास येते. तिथून सूर्यास्तापर्यंत सव्वादोन तास, आणि त्यातला शेवटचा एक तास खरा कामाचा. मुलीनं फोन पाहिला, काठी पाहिली आणि वहीत काठीची वेळ लिहिली.

तिला मागे खाडी भरलेली हवी होती. ओहोटीत नुसता चिखल दिसतो. भरती दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याचं गणित तोंडी करतात. पंधरवड्यातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. सप्तमीची पाऊणपट सव्वापाच. खाडीत आत यायला पाण्याला जरा जास्त वेळ लागतो, तोही धरला. शिवाय सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखी ती बांधावर धडका देत नाही. कार्तिक वद्य सप्तमी ठरली. सूर्य मावळतीला, पाणी काठोकाठ आणि बांध कोरडा. मुसलमानाची काठी आणि मच्छीमाराची तिथी एका वहीत शेजारी शेजारी लिहिली गेली, आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटलं नाही.

जागा निवडली ती खळ्याची. कापलेल्या शेतात भाताची धसकटं असतात. अनवाणी पायांना ती सुईसारखी टोचतात आणि पाय दुखायला लागला की तो चेहऱ्यावर दिसतो. खळं मात्र झोडणीसाठी केलेलं. माती सपाट करायची, पाणी मारायचं, चोपून घट्ट करायची आणि शेणानं सारवायची. हल्ली ताडपत्री पसरून काम भागतं, खळी फारशी कुणी करत नाही. या निमित्तानं एक खळं पुन्हा झालं. बायकांनीच सारवलं. सारवता सारवता गाणं सुरू झालं आणि खरं तर नाचाची तालीम तिथेच झाली. त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच होता.

कपड्यांवरून मात्र चांगली खडाजंगी झाली. मुलीला रोजची, धुऊन विटलेली लुगडी हवी होती. त्यात 'खरेपणा' आहे, असं तिचं म्हणणं. बायकांना जरीच्या नव्या साड्या नेसायच्या होत्या. एक जण म्हणाली, "आमी काय रोज चिखलानच ऱ्हातो का?" मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. बाहेरून येणाऱ्या डोळ्याला गरिबी सुंदर दिसते. जिनं ती नेसली आहे तिला ती रोजची असते. शेवटी तोड निघाली. भाच्या-पुतण्याच्या हळदीला जी जे नेसेल, तेच नेसायचं. म्हणून त्या फोटोंत दोन नऊवारी आहेत, बाकी पाचवारी आहेत, एक चक्क चमचमती आहे, आणि प्रत्येकीची मान ताठ आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पहिल्या तालमीला मुलीनं मध्येच सांगितलं, "आजी, जरा थांबा, हाच हात पुन्हा करा." मावशी थांबल्या नाहीत. गाणं पुरं केलं आणि मग म्हणाल्या, "गाना अर्ध्यान तोराचा नाय." गाणं अर्ध्यात तोडायचं नाही. तोडलेलं गाणं पुन्हा जोडलं तरी अंगात येत नाही. मग फोटो घ्यायचा कसा? उपाय एकच होता, आधी नाच शिकायचा. पुढच्या दोन हळदींना मुलगी कॅमेरा घरी ठेवून गेली. फेरीत उभी राहिली, टाळी दिली, चुकली, पुन्हा उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चाचा, टाळी वाजायच्या आधी सगळ्या जणी क्षणभर थांबतात. अगदी एवढंसं. बाहेरून ते दिसत नाही."

तिनंच मला सांगितलं की, अमेरिकेत बार्बरा मॉर्गन नावाच्या छायाचित्रकार बाईंनी मार्था ग्रॅहम या नर्तकीचे फोटो काढले, त्यांचं पुस्तक १९४१ साली निघालं, आणि त्या बाईही आधी नाच पुनःपुन्हा पाहत. मला मात्र आपल्याच जिल्ह्यातली घारापुरी आठवली. तिथल्या मुख्य लेण्यात उत्तरेच्या दारानं आत शिरलं की एका हाताला नटराज आहे आणि दुसऱ्या हाताला ध्यानस्थ योगीश्वर. एक नाचणारा, एक स्थिर, दोघेही तोच शिव. सहाव्या शतकातल्या त्या कारागिरांना कॅमेरा ठाऊक नव्हता, पण नाचाच्या पोटात एक स्थिर जागा असते हे ठाऊक होतं. नटराजाचे हातपाय आज भंगलेले आहेत, तरी नाच दिसतो, कारण कमरेतला तोल शिल्लक आहे.

कॅमेऱ्याची भाषा मी थोडी शिकलो. पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका उघडला तर उडालेला पदर हवेत गोठतो. तिसाव्या भागाइतका उघडा ठेवला तर हात आणि पदर वाऱ्यासारखे पुसट होतात. फुगडीला कोणता घ्यायचा? मुलीनं एक युक्ती काढली. फुगडी घालणाऱ्या दोघींना एकमेकींचा चेहरा स्थिर दिसतो, फिरतं ते बाकीचं जग. म्हणून ती स्वतः एका मैत्रिणीबरोबर फुगडी घालून आली आणि मग म्हणाली, "चेहरे थांबलेले हवेत, खाडी फिरलेली हवी."

सप्तमीच्या दिवशी फार काही करायचं उरलंच नव्हतं. फोन एका सुपात गोळा झाले आणि सूप ओटीवर गेलं. सूर्य खाडीच्या बाजूला असल्यानं चेहरे काळवंडू नयेत म्हणून दोन पोरं पांढऱ्या चादरी ताणून समोर उभी राहिली. त्यातल्या एका चादरीचं टोक माझ्या हाती होतं. खाऱ्या वाऱ्यानं काचेवर ओल धरत होती, ती मधून मधून मऊ फडक्यानं पुसायची. डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या मागे दिसत होत्या. त्या टाळायच्या का, असं मी विचारलं. मुलगी म्हणाली, "त्या आहेत ना गावात? मग असू देत." मावशींनी गाणं उचललं. पंचेचाळीस मिनिटं एकही गाणं तुटलं नाही, आणि कॅमेरा प्रत्येक टाळीच्या आधी तिथे पोचलेला होता.

आठवड्यानं पुन्हा त्याच ओटीवर बायका जमल्या आणि फोटो हातोहात फिरले. त्यातला एक पाहून आम्ही गप्प झालो. एक बाई फेरीतून सुटून एकटीच गिरकी घेत होती, डोळे मिटलेले, मागे भरलेली खाडी, पायाखाली स्वतःची लांब सावली. दीड महिन्याच्या तयारीनं जे मिळवायचं ते त्या एका फोटोत होतं. त्या बाईंनी तो बराच वेळ हातात धरला. मग परत दिला आणि म्हणाल्या, "ह्यो नको."

मुलीनं तिच्यासमोर तो पुसला. 'का' असं विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि आज तुम्हाला त्या फोटोविषयी सांगितलं ते त्या बाईंना विचारूनच. त्या हसून म्हणाल्या, "सांगा. सांगितल्यानं काय दिसतो थोराच?"

फोटो फार मोठ्या ठिकाणी कुठे लागले नाहीत. चौदा घरांत चौदा आहेत. काही देव्हाऱ्याशेजारी, काही टीव्हीवर. या भाद्रपदात गौर आली तेव्हा दोन घरांची फेरी अंगणात आली. सगळी नाही, दोनच घरांची. पण अंगणात आली. त्या रात्री कुणीच फोन वर केला नाही. ओटीवर सूप ठेवलेलं होतं.

श्रोतेहो, आता सणांचे दिवस येतात, लग्नसराई येते. कुठे नाच रंगात आला की आपला हात आपोआप खिशाकडे जातो. त्या वेळी एवढंच करा. हात खिशातच ठेवून एक गाणं पुरतं ऐका. टाळीच्या आधीचा तो थांबा सापडतो का बघा. सापडला तर नाचणारीला विचारा, "काढू का?" ती 'नको' म्हणाली तरी तुमचं काही गेलेलं नसेल. नाच तुम्ही पाहिलेला असेल.