इथलं घर आणि कायमचं घर

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, नाताळात तुमच्याकडच्या करंज्या आणि केक आम्ही २५ वर्षं खातोय. तुमच्या धर्मात घराबद्दल काय सांगितलंय, ते यंदा दहा मिनिटं सांगा." विषय प्रसंगाला धरूनच आहे. रौप्यमहोत्सव सोसायटीचा असला, तरी तो आपल्या घरांचाच आहे.

बँकेत माझी बरीच वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर गेली. विसार देऊन आलेला माणूस मला लगेच ओळखू यायचा. राहत असायचा भाड्याच्या खोलीत, चावी हातात आलेली नसायची, पण बोलणं बदललेलं असायचं. जुन्या खोलीतली गैरसोय तो हसून सोसायचा. कारण पुढचं घर आता त्याच्या मनातलं स्वप्न राहिलेलं नसायचं, त्याची पावती खिशात असायची.

गंमत म्हणजे हाच 'विसार' शब्द आमच्या मराठी बायबलमध्ये आहे. संत पौल हा तंबू बनवण्याचा धंदा करणारा माणूस. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने आपल्या देहाला तंबू म्हटलं आहे आणि त्यापलीकडे देवाने बांधलेलं, कायम टिकणारं घर आहे असं सांगितलं आहे. त्या घराचा विसार म्हणून देवाने आपला आत्मा आपल्याला दिला, असं तो लिहितो. आता बघा, आपल्या व्यवहारात घर घेणारा विसार देतो. इथे घर देणाराच विसार देतो! आणि विसार देणारा शब्दाने बांधला जातो, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. ख्रिस्ती माणसाची आशा ती हीच. 'बहुतेक होईल' अशातली ती नव्हे. शब्द दिलेला आहे, आणि देणारा शब्द मोडणारा नाही.

यावर आपल्यातल्याच एकांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, "काका, पक्कं घर वर असेल तर खालच्या घराची एवढी काळजी कशाला? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तर तुम्हीच सर्वांत जास्त मागे लागता!"

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर मला यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रात सापडतं. यहुदी लोकांना कैद करून बाबेलला नेलं होतं. आज ना उद्या परत जाऊ, म्हणून ते बोचकी बांधून बसले होते. यिर्मयाने त्यांना यरुशलेमहून कळवलं, की परत जायचं आहे हे नक्की, पण ७० वर्षांनी. तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आहात त्याचं भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा. म्हणजे कायमच्या घराची आशा ज्याला आहे, त्याने इथलं घर टाकून द्यायचं नाही. ते नीट सांभाळायचं.

आपला सिंकिंग फंड घ्या. उपविधींप्रमाणे बांधकामखर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के आपण बाजूला ठेवतो. तो भरणारे काही सभासद आज आपल्यात नाहीत. त्या पैशाचा उपयोग आपल्याला होईलच असं नाही, हे माहीत असूनही त्यांनी तो भरला. आपण इथे कायमचे नाही, हे ज्याने मनोमन मानलं, तोच असा पैसा कुरकुर न करता देतो. बँकेत मी लोकांना नेहमी सांगायचो, नॉमिनी हा मालक नसतो, वारसांसाठी सांभाळणारा असतो. मला तर वाटतं, या जगात आपण सगळेच नॉमिनी आहोत.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण डोळ्यांसमोर आणा. दुष्काळात आईवडील गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. इथलं घर पुन्हा पुन्हा मोडलेल्या या बाईने केडगावला मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळातल्या अनाथ मुलींना आणि विधवांना तिथे छप्पर मिळालं, अक्षरओळख मिळाली, हाताला काम मिळालं. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. वरच्या घराची खात्री असलेल्या बाईने खाली किती जणींना घर दिलं!

आशा असली की दुःख होत नाही, असं मात्र नाही. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, आणि त्याला तर लाजराला उठवायचंच होतं. सहा वर्षांपूर्वी माझी पत्नी प्रभूच्या घरी गेली. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव अजून तिचंच आहे. त्यानंतर आठ दिवस आमच्या घरी गॅस पेटला नाही, कारण तुम्ही तो पेटू दिला नाहीत. सकाळचा चहा दुसऱ्या मजल्यावरून, रात्रीचं जेवण शेजारून. संध्याकाळी आजही घर खायला उठतं. तेव्हा मी त्या विसाराची आठवण करतो, चप्पल घालतो आणि खाली बाकावर येऊन बसतो. तुमच्यातलं कुणीतरी भेटतंच. तेही मला विसारासारखंच वाटतं.

आता रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू झाली आहेत. वाद होतील. नव्या इमारतीची चावी घ्यायला आपण असू का, ही धास्ती आम्हा म्हाताऱ्यांच्या मनात आहे. तरुणांना माझी विनंती, त्यांना 'अडवणूक करणारे' म्हणू नका, त्यांच्याजवळ जरा बसा. आणि माझ्या वयाच्या मंडळींना सांगतो, नॉमिनेशनचा फॉर्म भरून टाका, सही करायची तर मोकळ्या मनाने करा, आणि पार्किंगवरून बंद झालेलं बोलणं या इमारतीतच मिटवा. ते ओझं पुढच्या घरी न्यायचं नाही, आणि त्याच्या पुढच्या घरी तर नाहीच नाही.

प्रभू आपल्या सर्वांच्या घरादाराला आशीर्वाद देवो.